आगगाडी की विमान? : युरोपातील दूरच्या प्रवासाच्या इतिहासातील एक प्रश्न

१९२९ सालच्या मार्च महिन्याच्या ३० तारखेस लंडनजवळील क्रॉयडन विमानतळावरून इंपीरियल एअरवेज या कंपनीचे विमान हिंदुस्थानची टपाल व मोजके प्रवासी घेऊन निघाले. लंडन ते कराची हा प्रवास सात दिवसांचा होता आणि त्याचे भाडे १३० पौंड होते. हवाई वाहतुकीच्या इतिहासग्रंथांत या दिवसाची नोंद आवर्जून केलेली आढळते. मात्र त्या प्रवासातील एका तपशिलाकडे फारसे लक्ष दिले जात नाही. क्रॉयडनहून निघालेले प्रवासी स्वित्झर्लंडमधील बाझेल येथे विमानातून उतरत, तेथे आगगाडीत बसत, गाडीने आल्प्स पर्वत ओलांडून इटलीतील जिनोआ बंदर गाठीत, आणि तेथून जलविमानाने भूमध्य समुद्र पार करून अलेक्झांड्रियाकडे जात. म्हणजे युरोप आणि हिंदुस्थान यांना जोडणाऱ्या पहिल्या हवाई मार्गाचा युरोपातील एक महत्त्वाचा टप्पा रुळांवरून जात होता.

आल्प्सवरून उड्डाण करण्यातील धोका हे याचे एक कारण होते. दुसरे कारण राजकीय होते. परकीय विमानांनी आपल्या हद्दीत कोठून यावे व कोठे उतरावे याविषयी इटलीच्या सरकारची भूमिका कठोर होती आणि ब्रिटिश कंपनीशी तिचे त्याच वर्षी बिनसले. पुढे १९३० नंतरच्या दशकातही बराच काळ लंडनचे प्रवासी पॅरिसला उतरून आगगाडीने इटलीच्या टोकाला असलेल्या ब्रिंडिसीपर्यंत जात व तेथे पुन्हा विमानात बसत. ब्रिंडिसी हे नाव मुंबईकरांस त्यापूर्वीच परिचित होते. कारण १८७० पासून पहिल्या महायुद्धापर्यंत विलायतेची टपाल याच बंदरातून आगबोटीवर चढे. कराचीस आलेली हवाई टपाल मुंबईस आणण्याची सोय मात्र १५ ऑक्टोबर १९३२ रोजी झाली, आणि ते विमान जे. आर. डी. टाटा यांनी स्वतः चालवून जुहूस उतरविले, हे सर्वश्रुत आहे.

हा प्रसंग आरंभी सांगण्याचे कारण असे की, ‘आगगाडी की विमान’ हा प्रश्न आज ज्या रीतीने मांडला जातो ती रीत इतिहासाला धरून नाही. दोन यंत्रांची शर्यत लागली, एक जलद होते ते जिंकले, दुसरे अधिक जलद झाले तेव्हा पारडे फिरले, अशी ही कथा सांगितली जाते. तीत तथ्य नाही असे नव्हे. परंतु प्रवासी तिकिटाच्या खिडकीशी येऊन उभा राहण्यापूर्वीच त्याच्या निवडीचा बराचसा भाग दुसऱ्या कोणी तरी करून ठेवलेला असतो. १९२९ साली तो रोम येथे ठरला होता. नंतरच्या काळात तो कोठे ठरला, हे पाहण्याचा प्रयत्न प्रस्तुत लेखात केला आहे.

प्रथम घड्याळाचा विचार करू. वाहतुकीचे अभ्यासक असा एक ठोकताळा सांगतात की, आगगाडीचा प्रवास तीन तासांच्या आत असेल तर बहुसंख्य प्रवासी गाडीने जातात. चार तासांपुढे गेला की ते विमानाकडे वळू लागतात. याचे कारण उघड आहे. विमान आकाशात जो वेळ घेते त्यात शहरापासून विमानतळापर्यंत जाणे, तपासणी, प्रतीक्षा आणि पलीकडच्या विमानतळावरून शहरात येणे हा वेळ मिळवावा लागतो, तर आगगाडी बहुधा शहराच्या मध्यभागी सोडते. लंडन ते पॅरिस हे अंतर जेट विमान सुमारे एका तासात काटते, आणि या तासात गेल्या अर्धशतकात सांगण्यासारखा फरक पडलेला नाही. वाढला आहे तो जमिनीवरचा वेळ. १९७० च्या सुमाराच्या विमान-अपहरणांनंतर सुरक्षातपासणी आली. २००१ नंतर ती कडक झाली. २००६ पासून प्रवाशांच्या पिशवीतील बाटल्यासुद्धा मोजल्या जाऊ लागल्या. हवेतील वेग कायम राहून प्रवास मात्र लांबत गेला, असा हा प्रकार आहे.

परंतु ‘तीन तासांचा नियम’ हा निसर्गनियम नव्हे. कोणत्या दोन शहरांमधील गाडीचा प्रवास तीन तासांच्या आत यावा, हे कोणी तरी पैसा घालून व करार करून ठरवावे लागते. त्या ठरविण्याचा इतिहास पाहू लागले म्हणजे घड्याळाच्या मागे उभी असलेली दुसरी गोष्ट दिसू लागते. ती म्हणजे राष्ट्राची सीमा.

एकोणिसाव्या शतकात ही सीमा आगगाडीला फारशी जाचक नव्हती. बेल्जियन उद्योजक जॉर्ज नागेलमाकर्स याने १८७० नंतरच्या दशकात शयनयानांची आंतरराष्ट्रीय कंपनी काढली ती याच भरवशावर. डबा कंपनीचा, इंजिन व रूळ त्या त्या देशाचे, अशी ही व्यवस्था होती. सीमेवर इंजिन बदले, झोपलेला प्रवासी बदलत नसे. १८८३ साली सुरू झालेल्या ओरिएंट एक्सप्रेसविषयी पुष्कळ अद्भुतरम्य लिहिले गेले आहे. प्रारंभी ती कॉन्स्टँटिनोपलपर्यंत जात नसे, डॅन्यूब नदी ओलांडून वार्ना बंदरात आगबोट धरावी लागे, आणि थेट गाडी १८८९ साली झाली, हेही ध्यानात ठेवलेले बरे. मात्र पश्चिम युरोपात पारपत्राची सक्ती १९१४ पूर्वी जवळजवळ नव्हती, ही त्या काळाची खरी सोय होती. महायुद्धाने ती संपविली. नवी राष्ट्रे निर्माण झाली, नव्या सीमा आल्या, आणि प्रत्येक सीमेवर जकातीचे व पारपत्राचे अधिकारी गाडी थांबवू लागले.

नेमक्या याच क्षणी नियमित विमानसेवा जन्मास आली. २५ ऑगस्ट १९१९ रोजी लंडनजवळील हौन्स्लो येथून पॅरिसजवळच्या ल बूर्जे येथे दररोजची सेवा सुरू झाली. त्या विमानांत एखाददुसराच प्रवासी मावे, थंडी लागे, आणि हवा बिघडली तर वाटेत शेतात उतरावे लागे. तरीही तिच्यात एक गुण होता, ज्याचे महत्त्व तेव्हा फारसे कोणाच्या लक्षात आले नाही. विमानाला वाटेत सीमा लागत नाही. त्याची सीमा विमानतळाच्या इमारतीत असते, एकदा निघताना व एकदा उतरताना; मध्ये कितीही देश गेले तरी संख्या वाढत नाही. आगगाडीला प्रत्येक देशाचा हिशेब वाटेतच चुकता करावा लागतो.

लंडन-पॅरिस या मार्गावर आगगाडीच्या कंपन्यांनी उत्तर दिले ते थाटामाटाचे होते. फ्रान्समध्ये १९२६ साली व इंग्लंडमध्ये १९२९ साली ‘सोनेरी बाण’ या अर्थाच्या नावाची आलिशान गाडी निघाली. खाडी मात्र आगबोटीनेच ओलांडावी लागे आणि एकूण प्रवास साडेसहा तासांच्या आसपास होई. १९३६ पासून रात्रीची एक गाडी झोपण्याच्या डब्यांसह बोटीवर चढवू लागले. डबे साखळदंडांनी जखडताना जो आवाज होई त्याने झोपमोड झाल्याच्या तक्रारी जुन्या प्रवासवर्णनांतून वाचावयास मिळतात. ही रात्रीची गाडी १९८० पर्यंत टिकली. ती सोयीपेक्षा सवयीच्या बळावर टिकली असावी, असे प्रस्तुत लेखकास वाटते.

दुसऱ्या महायुद्धानंतर आगगाडीच्या बाजूने जो सर्वांत विचारपूर्वक प्रयत्न झाला त्याची हकीकत थोडी विस्ताराने सांगणे अवश्य आहे. नेदरलँड्सच्या रेल्वेचे प्रमुख डेन हॉलंडर यांनी अशी कल्पना मांडली की, पश्चिम युरोपातील रेल्वेंनी एकत्र येऊन व्यापारी व अधिकारी वर्गासाठी जलद दिवसगाड्यांचे एक जाळे विणावे. सकाळी निघालेला मनुष्य काम आटोपून रात्री घरी परतावा. त्यांच्या मनात सर्वांची मिळून एक स्वतंत्र संस्था व एकसारख्या गाड्या होत्या. राष्ट्रीय रेल्वेंना ते रुचले नाही. नाव एक, बाहेरचा लाल-पिवळसर रंग एक, दर्जा एक. परंतु गाड्या ज्याच्या त्याच्या, असा मध्यममार्ग निघाला. २ जून १९५७ रोजी ‘ट्रान्स युरोप एक्सप्रेस’ या नावाने हे जाळे चालू झाले. युरोपीय सामायिक बाजारपेठेचा रोम येथील तह त्यापूर्वी दोनच महिने झाला होता.

या गाड्यांत केवळ पहिला वर्ग असे, आणि प्रवासी नेमका विमानाचा संभाव्य प्रवासी असे. त्यामुळे विमानाशी स्पर्धा हा तिचा उघड हेतू होता. पण तिच्या कर्तृत्वाचे मोजमाप वेगाने करणे ही चूक ठरेल. तिने खरे काम केले ते सीमेवर. जकातीचे व पारपत्राचे अधिकारी गाडीतच चढू लागले, धावत्या गाडीत तपासणी उरकू लागले, आणि सीमास्थानकावरील प्रदीर्घ मुक्काम काही मिनिटांवर आला. विमानाने जे विमानतळात कोंडले होते ते गाडीने आपल्या डब्यात घेतले, असे म्हणावयास हरकत नाही.

तथापि एक सीमा अशी होती की जी गाडीत बसवता येत नव्हती. युरोपातील रेल्वेंचे विद्युतीकरण ज्या त्या राष्ट्राने आपापल्या सोयीने केले होते. नेदरलँड्समध्ये व फ्रान्सच्या जुन्या विद्युत्मार्गांवर १,५०० व्होल्टचा एकदिश प्रवाह. बेल्जियम व इटलीत ३,००० व्होल्टचा. जर्मनी, ऑस्ट्रिया व स्वित्झर्लंड येथे १५,००० व्होल्टचा कमी वारंवारतेचा प्रत्यावर्ती प्रवाह. आणि उत्तर फ्रान्समध्ये युद्धानंतर २५,००० व्होल्टचा. परिणाम असा झाला की, तारांचे जाळे पसरलेल्या खंडात ही नवी मानाची गाडी आरंभी डिझेलवर धावली. १९६१ साली स्विस रेल्वेने चारही प्रवाहांवर चालणारी गाडी बनविली, तेव्हा कोठे विजेची गाडी अनेक देशांतून अखंड जाऊ लागली. रुळांच्या रुंदीचाही असाच प्रश्न स्पेनच्या सीमेवर होता. तेथील रूळ फ्रान्सच्या रुळांहून सुमारे २३ सेंटिमीटर अधिक रुंद. १९६९ साली जिनीव्हा-बार्सेलोना मार्गावर चाकांमधील अंतर बदलू शकणारी टाल्गो गाडी चालू झाली व तो प्रश्नही त्या एका मार्गापुरता सुटला.

हे सर्व साध्य होईपर्यंत गिऱ्हाईक निघून गेले होते. १९७० नंतरच्या दशकात युरोपातील मोठ्या शहरांमधून जेट विमाने दिवसातून अनेकदा उडू लागली व व्यापारी वर्ग तिकडे वळला. सामान्य प्रवाशास या गाड्यांत जागा नव्हती. तो दुसऱ्या वर्गाच्या साध्या गाड्यांतून जाई. पश्चिम जर्मनीने १९७९ साली आपल्या देशांतर्गत जलद गाड्यांत दुसरा वर्ग आणला, आणि १९८७ साली आंतरराष्ट्रीय गाड्याही दोन वर्गांच्या होऊन त्यांचे नाव बदलले. काही इतिहासकार या जाळ्यास अपयशी म्हणतात. माझ्या मते हा निर्णय घाईचा आहे. १९५७ साली राष्ट्रीय रेल्वेंनी जी एकत्र संस्था नाकारली, तिच्याअभावी गाड्यांना जे अपयश आले ते यंत्राचे नव्हे, संघटनेचे होते.

यानंतर अतिजलद गाड्यांचे युग आले. २७ सप्टेंबर १९८१ रोजी पॅरिस-ल्यों मार्गाचा पहिला भाग खुला झाला; १९८३ साली तो पुरा होताच हा प्रवास दोन तासांवर आला आणि त्या मार्गावरील विमानांचे प्रवासी झपाट्याने घटले. १९९२ साली माद्रिद-सेव्हिल, २००१ साली पॅरिस-मार्सेय तीन तासांत, २००९ साली मिलान-रोम तीन तासांत, २०१७ साली बर्लिन-म्युनिक सुमारे चार तासांत, असे एकामागून एक मार्ग निघाले. जेथे जेथे गाडी तीन तासांत पोहोचू लागली तेथे तेथे विमान मागे हटले. आगगाडीच्या विजयाची म्हणून जी यादी सर्वत्र दिली जाते ती हीच.

या यादीतील शहरांची नावे पुन्हा वाचावीत अशी वाचकांस विनंती आहे. प्रत्येक जोडीतील दोन्ही शहरे एकाच राष्ट्रातील आहेत. पैसा एका तिजोरीतून आला, जमीन एका कायद्याने घेतली, विद्युत्प्रवाह एकच, सिग्नलपद्धती एकच. यंत्र जलद झाले खरे, परंतु ते सीमेच्या आत जलद झाले.

याला अपवाद आहेत, आणि ते बारकाईने पाहण्यासारखे आहेत. इंग्लिश खाडीखालील बोगद्यासाठी ब्रिटन व फ्रान्स यांना १२ फेब्रुवारी १९८६ रोजी कँटरबरी येथे स्वतंत्र तह करावा लागला. १९९४ च्या मे महिन्यात बोगद्याचे उद्घाटन झाले व नोव्हेंबरात लंडन-पॅरिस प्रवासी गाड्या सुरू झाल्या. प्रारंभी हा प्रवास तीन तासांचा होता. इंग्लंडमधील नवा मार्ग २००७ साली पूर्ण झाल्यावर तो सव्वादोन तासांचा झाला. पॅरिस-ब्रसेल्स नवा मार्ग १९९७ च्या अखेरीस पुरा होऊन प्रवास दीड तासाच्या आत आला, आणि २००१ साली एअर फ्रान्सने या दोन शहरांमधील आपली विमाने बंद करून त्याऐवजी गाडीतील जागा आपल्या प्रवाशांना देण्यास आरंभ केला. क्रॉयडन-बाझेल-जिनोआची ही जणू दुसरी आवृत्ती होती. त्यापूर्वी १९८२ ते १९९३ या काळात जर्मनीच्या लुफ्तान्सा कंपनीनेही ड्यूसेलडॉर्फ व फ्रँकफर्ट विमानतळ यांमध्ये स्वतःच्या उड्डाणक्रमांकाची आगगाडी चालविली होती.

लंडनच्या गाडीची एक गोष्ट मात्र मनोरंजक आहे. शेंगेन करार १९८५ साली झाला व १९९५ साली अमलात आला; त्याने फ्रान्स, जर्मनी, स्पेन, पोर्तुगाल इत्यादी देशांमधील पारपत्राची तपासणी उठली. ब्रिटन त्यात नव्हता. म्हणून लंडनच्या सेंट पँक्रास स्थानकावर गाडीत बसण्यापूर्वीच दोन्ही देशांचे अधिकारी तपासणी करतात, सामान यंत्रातून जाते, आणि प्रवासी एका बंद दालनात गाडीची वाट पाहतात. जी गाडी विमानाशी स्पर्धा करण्यास निघाली तिला विमानतळाचेच रूप घ्यावे लागले.

शेंगेन प्रदेशात तरी सीमा पुसली गेली का? माणसापुरती पुसली गेली. गाडीपुरती नाही. वैमानिक व नियंत्रक हे आंतरराष्ट्रीय उड्डाणांत इंग्रजीचा सर्वमान्य आधार घेतात. आगगाडीच्या चालकास मात्र ज्या देशात गाडी जाईल त्या देशाची भाषा यावी लागते. सिग्नलपद्धती देशागणिक निराळ्या असून त्या एक करण्याचे काम अद्याप अपुरे आहे. युरोपीय लेखापरीक्षण न्यायालयाने २०१८ च्या आपल्या अहवालात अतिजलद मार्गांचे युरोपीय जाळे अस्तित्वातच नाही, आहे ते राष्ट्रीय मार्गांचे ठिगळकाम आहे, असा निष्कर्ष काढला. सरकारी अहवालाच्या मानाने ही भाषा बरीच स्पष्ट म्हणावी लागेल.

आता पैशाकडे वळू. १९४४ साली शिकागो येथे नागरी विमानवाहतुकीचा आंतरराष्ट्रीय करार झाला. एका देशातून दुसऱ्या देशात येणाऱ्या विमानाच्या टाकीतील इंधनावर जकात घेऊ नये, असे त्यात कलम आहे. बाल्यावस्थेतील धंद्यास उत्तेजन देणे हा तेव्हाचा हेतू रास्त होता. परंतु पुढे अनेक द्विपक्षीय करारांनी ही सूट वाढविली, आणि २००३ च्या युरोपीय ऊर्जाकर-निर्देशाने व्यापारी विमानांच्या इंधनास करमुक्त ठेवले. दोन देशांनी आपसांत ठरवून कर बसवावा अशी मुभा त्यात आहे. तिचा उपयोग करण्यास कोणी पुढे झाले नाही. आगगाडी मात्र विजेवर कर भरते आणि रुळांच्या वापराचे भाडेही देते.

हवाई धंद्यावरील निर्बंध १९८७, १९९० व १९९२ अशा तीन टप्प्यांत उठविले गेले, आणि १९९७ पासून युरोपीय संघातील कोणतीही विमान कंपनी संघातील कोणत्याही दोन शहरांमध्ये विमान चालवू शकते. आयर्लंडची रायनएअर व इंग्लंडची ईझीजेट या स्वस्त दराच्या कंपन्या या मोकळ्या मैदानात फोफावल्या. रेल्वेसाठी असाच पहिला निर्देश १९९१ साली निघाला. परंतु आंतरराष्ट्रीय प्रवासी गाड्यांची मोकळीक प्रत्यक्षात २०१० साली मिळाली. या जवळजवळ दोन दशकांच्या अंतरात एका पिढीस विमानाची सवय लागली.

तिकिटाविषयी लिहिताना जुन्या व्यवस्थेबद्दल थोडी हळहळ वाटल्यावाचून राहत नाही. विसाव्या शतकाचा बराच भाग युरोपातील कोणत्याही मोठ्या स्थानकावर दुसऱ्या टोकाच्या शहराचे एकच तिकीट मिळे. प्रत्येक रेल्वेचा दर किलोमीटरवर ठरलेला असे, व त्यांची बेरीज करून लिहिलेली कुपने एका वेष्टनात देत. १९७२ साली तरुणांसाठी निघालेला ‘इंटररेल’ पास हा याच सहकार्याचा विस्तार होता. पुढे रेल्वेंनी विमान कंपन्यांचे अनुकरण करून दर दिवसागणिक बदलते केले, संगणक आपापले ठेवले, आणि एकच तिकीट तुटून त्याची तीन-चार तिकिटे झाली. पहिली गाडी उशिरा पोहोचून दुसरी चुकली तर जबाबदार कोण, हा प्रश्न त्यातून उद्भवला. विमान प्रवाशांना भरपाईचा हक्क २००४ च्या युरोपीय नियमाने बऱ्यापैकी स्पष्ट झाला. रेल्वे प्रवाशांचे हक्क २००७ व २०२१ च्या नियमांनी आखले गेले. तथापि वेगवेगळी तिकिटे जोडून केलेल्या प्रवासाची जबाबदारी ते पुरतेपणी कोणावर टाकीत नाहीत. विमान कंपन्यांनी रेल्वेकडून काही उचलले असते तर बरे झाले असते. घडले ते उलट.

याविषयी संशोधन करू इच्छिणाऱ्या विद्यार्थ्यांस एक सूचना करावीशी वाटते. टॉमस कुक कंपनीने १८७३ पासून २०१३ पर्यंत काढलेली युरोपीय रेल्वे वेळापत्रके हे या विषयाचे फार मोलाचे साधन आहे. त्यानंतरही ती परंपरा निराळ्या नावाने चालू आहे. त्यांतील एकाच मार्गाचे पान दर दहा वर्षांनी उघडून पाहिले तर थेट डबे कोठे नाहीसे झाले, सीमेवरील मुक्काम कधी कमी झाला, हे कोणत्याही ग्रंथाहून अधिक स्पष्टपणे दिसते. वेळापत्रक खोटे बोलत नाही. फार तर गाडी उशिरा येते.

अलीकडे निवडीचा प्रश्न पर्यावरणाच्या अंगाने पुढे आला आहे. दर प्रवाशामागे विमानातून होणारे कर्बवायूचे उत्सर्जन विजेच्या गाडीपेक्षा कितीतरी पट अधिक, हे निर्विवाद आहे. स्वीडनमध्ये २०१८ च्या सुमारास विमानप्रवासाच्या लाजेसाठी एक नवा शब्दच रूढ झाला. फ्रान्सने ऑगस्ट २०२१ मध्ये कायदा करून, जेथे अडीच तासांच्या आत आगगाडीने जाता येते तेथील देशांतर्गत उड्डाणांवर बंदी घातली. तिचा अंमल मे २०२३ मध्ये सुरू झाला. नागरिकांच्या परिषदेने चार तासांची मर्यादा सुचविली होती, ती सरकारने अडीचवर आणली. परिणामी पॅरिसच्या ऑर्ली विमानतळावरून नांत, बोर्दो व ल्यों येथे जाणारे तीनच मार्ग तिच्या कक्षेत आले, आणि तेही २०२० पासून बंदच होते. हा कायदाही देशाच्या सीमेच्या आतच थांबतो, हे सांगावयास नकोच.

रात्रीच्या गाड्यांची कथा याहून गुंतागुंतीची आहे. जर्मन रेल्वेने २०१६ च्या अखेरीस आपल्या शयनगाड्या बंद केल्या. ऑस्ट्रियाच्या रेल्वेने त्यांतील काही उचलल्या व वाढविल्या. २०२१ च्या डिसेंबरात व्हिएन्ना-पॅरिस आणि दोन वर्षांनी बर्लिन-पॅरिस गाडी सुरू झाली, तेव्हा मोठे समारंभ झाले. फ्रान्सने अनुदान काढून घेतल्यावर डिसेंबर २०२५ मध्ये ऑस्ट्रियन रेल्वेने या दोन्ही गाड्या थांबविल्या. प्रवासी मिळत नव्हते असे कोणीही म्हटले नाही.

आतापर्यंत सांगितलेल्या कारणांची पारख करण्यासाठी एक उदाहरण जणू मुद्दाम योजल्यासारखे उपलब्ध आहे. माद्रिदपासून बार्सेलोना आणि लिस्बन ही दोन्ही शहरे सरळ रेषेत सुमारे ५०० किलोमीटरवर आहेत, एक पूर्वेस व एक पश्चिमेस. माद्रिद-बार्सेलोना मार्गावर स्पेनच्या विमान कंपनीने १९७४ साली ‘हवाई पूल’ सुरू केला. आगाऊ जागा न राखता विमानतळावर यावे व पुढच्या विमानात बसावे, अशी सोय तीत होती. हा मार्ग एके काळी जगातील सर्वांत गजबजलेल्या हवाई मार्गांत गणला जाई, आणि आगगाडीला तेव्हा सहा तासांहून अधिक वेळ लागे. २० फेब्रुवारी २००८ रोजी अतिजलद मार्ग पूर्ण झाला, प्रवास अडीच तासांवर आला, आणि काही वर्षांतच निम्म्याहून अधिक प्रवासी गाडीने जाऊ लागले. २०२१ पासून तेथे प्रतिस्पर्धी कंपन्यांच्या गाड्याही धावू लागल्या व भाडी उतरली.

लिस्बनच्या बाजूस काय घडले? येथे रुळांच्या रुंदीची अडचण सांगता येत नाही, कारण स्पेन व पोर्तुगाल यांच्या जुन्या रुळांची रुंदी एकच आहे. बार्सेलोनाकडे जाणारा नवा मार्ग तर स्पेनने मुद्दाम निराळ्या, म्हणजे उर्वरित युरोपच्या रुंदीचा बांधला. पारपत्राची अडचण नाही, कारण दोन्ही देश शेंगेन प्रदेशात आहेत. इंधनावरील करसवलत दोन्ही बाजूंच्या विमानांस सारखीच. प्रवाशांची उणीव म्हणावी तर माद्रिद-लिस्बन विमाने दिवसातून अनेकदा भरून जातात. या दोन राजधान्यांमध्ये ‘लुसितानिया’ ही रात्रीची गाडी १९४३ पासून धावत असे व सुमारे दहा तास घेई. तिचा सीमेवरील जुना मार्ग पोर्तुगालने २०१२ साली बंद केला, तेव्हा तिला उत्तरेकडून वळसा घालावा लागला. त्याच वर्षी पोर्तुगालने कर्जाच्या संकटामुळे लिस्बन-माद्रिद अतिजलद मार्गाची योजना सोडून दिली. ती दोन्ही सरकारांनी २००३ साली फिगैरा द फोज येथे मान्य केली होती.

मार्च २०२० मध्ये साथीच्या काळात लुसितानिया थांबविण्यात आली. तिच्याबरोबर लिस्बनहून फ्रान्सच्या सीमेपर्यंत जाणारी, १८८७ पासूनची परंपरा सांगणारी ‘सूद एक्सप्रेस’ ही गाडीही थांबली. साथ ओसरली, विमाने परत आली; या दोन गाड्या परत आल्या नाहीत. त्यानंतर माद्रिदहून लिस्बनला रुळांवरून जाऊ इच्छिणाऱ्यास बादाखोस येथे व पुढे पोर्तुगालमध्ये गाडी बदलीत सारा दिवस खर्चावा लागू लागला, तर विमान हेच अंतर सव्वा तासाच्या आसपास काटते. २०२५ साली युरोपीय आयोगाने स्पेन व पोर्तुगाल यांच्याशी मिळून नवे वेळापत्रक ठरविले असून त्यानुसार २०३४ पर्यंत हा प्रवास तीन तासांवर यावयाचा आहे.